कलावतीकाकीची बरणी

माझं तोंड फटकळ आहे, कुणालाही विचारा. राग आला की मी आधी बोलते आणि मग विचार करते. आमचे हे म्हणायचे, "गोदू, तुझ्या जिभेला जरा सुट्टी दे गं." पण आयुष्यात एकदा, नेमकं बोलायचं तेव्हा, मी गप्प बसलेले. ते अजून मनात सलतं. म्हणून सांगून टाकते.

स्वराज्य येऊन सात वर्षं झालेली. आम्ही तेव्हा ठाण्याला तलावामागच्या चाळीत राहायचो. बारा खोल्या, एक लांब गॅलरी, टोकाला सामायिक मोरी. पुरुष सगळे गिरणीत नाहीतर रेल्वेत. बायका सगळ्या आमच्यासारख्या, कोकणातून आलेल्या. येताना गावचं सगळं सोवळंओवळं गाठोड्यात बांधून आणलेलं, पण ते मांडायला जागा कुठे? गावाला बाहेर बसायचं तर पडवी होती. इथे एकच खोली. त्यातच चूल, त्यातच देव आणि त्यातच नवरा. मग काय, दाराशी गोणपाट टाकायचं, त्यावर चार दिवस बसायचं आणि "शिवू नका रे" म्हणून पोरांवर ओरडायचं.

अशा घरात लोणच्याची बरणी ठेवायची कुणी? बाहेरच्या बाईची सावली पडली तरी लोणचं नासतं, असं आम्ही सगळ्या मानायचो. मीही मानायचे, खोटं कशाला बोलू. म्हणून चाळीचं लोणचं एकत्र व्हायचं आणि बरण्या एकाच खोलीत राहायच्या. ती खोली कलावतीकाकीची.

कलावतीकाकीला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचे परशुरामकाका, दोघंच. ना मुलगी, ना सून. आणि पन्नाशीच्या आत-बाहेर तिची पाळी गेली, तेव्हा त्या खोलीत विटाळाचं नावच उरलं नाही. चाळीतल्या सगळ्यात पवित्र बरणीला सगळ्यात पवित्र जागा मिळाली.

आता हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याआधीची वीस वर्षं काकीनं कशी काढली ते मी पाहिलंय. कुणाची ओटी भरायची झाली की काकीला बोलवत नसत. डोहाळजेवणाला बोलावलं तरी मागं बसवत. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातात द्यायला बायका कचरत. ती काही बोलायची नाही. उठून पातेली घासायला जायची. आणि मग एकदम, पाळी गेल्यावर, तीच कलावतीकाकी चाळीची मोठी बाई झाली. लोणच्याला तिचा हात. सत्यनारायणाच्या प्रसादाला तिचा हात. गौरीच्या नैवेद्याला सोवळ्यात तीच. "काकी सुटली बाई, नशीबवान," असं आम्ही म्हणायचो आणि काकी पदर सारखा करत हसायची. ते हसू मी तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी वैशाखात माझ्या गुणाजीचं लग्न झालं. सून आली कल्याणची, शकू. सातवीपर्यंत शिकलेली, बारीक चणीची, बोलायला कमी. मला वाटलं, बरंच आहे, घरात बोलणारी मी एकटी पुरे. तिची मावशी कल्याणला एका डॉक्टरीणबाईच्या सूतिकागृहात आयाचं काम करायची आणि शकू लग्नाआधी दोन वर्षं तिच्याच मदतीला जायची. हे मला तेव्हा काही फार आवडलेलं नव्हतं. बाळंतिणींच्या खोल्या पुसणारी पोर, असं मी ह्यांना म्हटलेलंसुद्धा.

लग्नानंतर पंधरा दिवसांत लोणच्याचा दिवस आला. कामं ठरलेली असायची. कैऱ्या फोडायला कमळाबाई, मोहरी फेसायला आणखी दोघी, आणि मीठ माझ्याकडे. कोलशेतच्या मिठागरावरून बायजा नावाची म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन यायची, तिच्याकडून खडेमीठ घ्यायचं, कढईत तडतडेपर्यंत भाजायचं आणि मग कुटायचं. एवढंच काम. त्या वर्षी बायजानं मीठ ओतताना सांगितलंसुद्धा, "बाय, यंदाचा मीठ वला हाय. चांगला भाज."

आणि त्याच सकाळी माझं नि ह्यांचं जुंपलं. कशावरून ते आता आठवतही नाही. पण मी अशी तापलेले की चूल पेटवायलाही हात वळेना. खल घेतला, मीठ तसंच घातलं आणि दाणदाण कुटलं. ह्यांचंच डोकं समजून कुटलं म्हणा ना. तशीच परात उचलली आणि काकीच्या खोलीत नेऊन आदळली. काकीनं विचारलं, "झालं गं?" मी म्हटलं, "झालं."

शकूची त्या दिवशी नुकतीच आंघोळ झालेली, चौथ्या दिवसाची. मी तिला कैऱ्यांचं सूप उचलून द्यायला सांगितलं. तिनं दिलं. एवढाच तिचा त्या लोणच्याशी संबंध.

दीड महिना बरण्या झाकलेल्या. मग एक दिवस काकी बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, दादरा, सोडायची आणि सगळ्या वाट्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. त्या दिवशी काकीनं दादरा सोडला आणि वास आला. आंबट, कुबट. वर पांढरीफेक बुरशी. दुसरी बरणी उघडली, तीही तशीच. तिसरीही. मग कमळाबाई बोलली. कमळाबाईला असल्या वेळी गप्प राहवत नसे.

"कुणीतरी शिवलंय," ती म्हणाली. आणि बघितलं कुणाकडे, तर माझ्या सुनेकडे.

मी काय करावं? सुनेची बाजू घ्यावी ना? छे! माझं डोकं फिरलं. चाळीसमोर माझ्या घराची शोभा झाली, एवढंच मला दिसलं. मी शकूच्या दंडाला धरून विचारलं, "तुझा तिसरा दिवस होता की चौथा? खरं सांग."

"चौथा होता, आत्याबाई. न्हाले होते मी."

"खोटं बोलू नकोस!"

तिचे डोळे भरले, पण पाणी खाली पडू दिलं नाही तिनं. कमळाबाईनं लगेच सल्ला दिला की गौरी होईपर्यंत पोरीला माहेरी ठेवा, प्रसादाला हात नको. आणि मी, माझ्या कर्माची, म्हटलं, "ठेवते."

ह्या सगळ्या गोंधळात कलावतीकाकी बरण्यांपाशी खाली बसून होती. तिचा चेहरा त्या बुरशीसारखा पांढरा पडलेला. मला वाटलं, एवढी मेहनत वाया गेली म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाताला मीठ घालायला मी मडक्यात हात घातला. मीठ चिकट, ओलं, तळाशी पाणी सुटलेलं. तो हात तसाच मडक्यात राहिला. बायजा आठवली. कढई आठवली. न पेटवलेली चूल आठवली. म्हटलं गोदू, तुझं मीठ गं, तुझं मीठ!

जाऊन सांगायचं होतं. गॅलरीत बायका तांदूळ निवडत बसलेल्या. मी दारापर्यंत गेले. कमळाबाई म्हणाली, "काय गो, सुनेची बोचकी बांधलीस का?" आणि माझी दातखीळ बसली. अकरा बायकांच्या तोंडावर सांगायचं, की कालपासून सुनेला शिव्या घालणारी मीच ती? मी म्हटलं, "बांधते, बांधते," आणि आत आले. उद्या सांगू, म्हटलं. तो उद्या काही उजाडला नाही, कारण मी बोलायच्या आधी काकी आली.

तिसऱ्या दिवशीची दुपार. पुरुष कामावर. शकू खरंच ट्रंक भरत बसलेली. काकी आमच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"आत या की," मी म्हटलं.

"नको. मी इथेच बरी." मग तिनं आवाज चढवला. वीस वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "कमळे, इकडे या सगळ्या. मला बोलायचंय."

बायका जमल्या. काकीनं कठडा घट्ट धरला.

"पोरीला माहेरी पाठवू नका. तिनं काही केलं नाही. विटाळ माझा होता."

कुणाला कळेचना. कुणीतरी खुसकन हसलंसुद्धा. कमळाबाई म्हणाली, "काकी, अहो तुमचं जाऊन चार वर्षं झाली ना?"

"झाली. पण माघापासून परत दिसायला लागलं. थोडं थोडं. कधी आठ दिवस काही नाही, कधी रोज. लोणचं घातलं त्या दिवशीसुद्धा होतं." तिचा आवाज फुटला. "मी लपवलं. सगळ्यांपासून लपवलं. मला वाटलं, थांबेल. तुम्ही मला पुन्हा भांडी घासायला बसवाल, ह्या भीतीनं मी देवाला फसवलं गं."

आता मला मोरीवरचं आठवलं. फाल्गुनात धुण्याच्या वेळी तिच्या लुगड्यावर मी डाग पाहिलेला. विचारलं, तर म्हणाली, "मूळव्याध आहे गं मेली." मी लगेच वैद्य झाले. रोज ताक प्या म्हटलं, सुरण खा म्हटलं. दोन महिने मी माझ्या हातानं तिला सुरणाची भाजी नेऊन दिली. तिच्या घशाला खाज सुटायची, तरी बिचारीनं मुकाट्यानं खाल्ली. मला काय अभिमान! काकी माझ्या औषधानं बरी झाली म्हणून मी गावभर सांगितलेलं.

कमळाबाई बोटांवर मोजायला लागलेली. "म्हणजे चैत्रातल्या सत्यनारायणाचा प्रसाद... अगो बाई! तोही तुम्हीच..."

तेवढ्यात शकू माझ्या मागून पुढे आली. आपल्यावरचा आळ गेला, ह्याचं त्या पोरीला काही नव्हतं. ती सरळ उंबरा ओलांडून गेली आणि काकीचा हात धरला. काकी दचकून मागं सरली. "शिवू नकोस बाळा."

"काकी, पाळी पूर्ण बंद होऊन चार वर्षं झालेली ना? मधे एकदाही नाही?"

"नाही."

"पोटात दुखतं? वजन उतरलंय?"

"दुखत नाही. थकवा येतो मात्र."

शकू माझ्याकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. "आत्याबाई, हा विटाळ नव्हे. हा आजार आहे. पाळी गेल्यावर वर्ष उलटलं आणि मग रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी बाईनं येऊन दाखवायचं, असं आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येकीला सांगतात. बऱ्याचदा साधं काहीतरी निघतं. पण कधीकधी पिशवीत गाठ असते. लवकर कळली तर बाई वाचते. काकींना उद्याच कल्याणला न्यायला हवं."

आणि काकीनं काय विचारलं माहितेय? मला काय झालंय, असं नाही. मी मरेन का, असंही नाही. तिनं विचारलं, "म्हणजे, लोणचं माझ्यामुळे नासलं नाही?"

शकूला ह्याचं उत्तर देता येईना. तिला मिठाचं काय ठाऊक? ठाऊक होतं ते मला. माझ्या तोंडापर्यंत आलेलं. आणि मी गप्प बसले. हीच ती वेळ.

काकी म्हणाली, "मग नासलं ते कशानं? माझ्याच हातानं घातलेलं. नको गं शकू. देवानं शिक्षा दिलीय, ती मी भोगते. त्याच्या मधे डॉक्टर नको." आणि ती गेली. दार लावून घेतलं.

संध्याकाळी शकू दोनदा जाऊन आली. काकी ऐकेना. परशुरामकाकांना तर ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायकोनं सहा महिने अंगावर काढलं आणि एका खोलीत राहून त्यांना पत्ता नाही. शकूनं मान खाली घालून सांगितलं. मग बायकोला म्हणाले, "उद्या जाऊ या का गं?" काकी म्हणाली, "नाही." ते पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले आणि विडी पेटवायची विसरले.

शकू घरात येऊन मला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. उशीर झाला तर हातातून जातील हो काकी."

ज्या पोरीला मी चाळीसमोर खोटारडी म्हटलं, ती माझ्या हातापाया पडत होती, दुसऱ्याच्या जिवासाठी. आणि मी माझी लाज सांभाळत बसलेले. जळो मेली ती लाज! मी मिठाचं मडकं उचललं आणि तडक काकीच्या खोलीत गेले. दार ढकललंच.

ती देवापुढे भिंतीला टेकून बसलेली. मी मडकं तिच्यासमोर ठेवलं.

"हात घाला ह्यात."

"काय आहे?"

"घाला आधी."

तिनं बोटं घातली. ओली झाली.

"लोणच्याचं मीठ हेच," मी म्हटलं. "मी भाजलं नव्हतं. ह्यांच्याशी भांडले, चूल पेटवली नाही, तसंच कुटलं. तुम्ही विचारलंत झालं का, तर मी खोटं सांगितलं. बुरशी माझ्या मिठानं आली. देवाचा काही संबंध नाही. तुमचा नाही, शकूचा नाही. कालपासून ठाऊक आहे मला आणि मी तोंड शिवून बसलेय."

मला वाटलं, ती रडेल. नाहीतर मला हाकलून देईल. काकीनं आपली ओली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग तिनं वर बघितलं आणि काय संतापली म्हणता! "कालपासून? आणि पोरगी ट्रंक भरत होती, ते बघत बसलीस? गोदू, लाज नाही वाटली तुला? नवी नवरी गं ती!" स्वतःचं काही नाही. शकूसाठी ती मला पाच मिनिटं फाडून खात होती. मी खाली मान घालून ऐकलं. जन्मात इतकं मी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि खरं सांगू, बरं वाटत होतं.

बोलून दमली, तेव्हा म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"शपथ?"

"गुणाजीची शपथ."

ती उठली. पदरानं बोटं पुसली. "शकूला विचार, सकाळी किती वाजता निघायचं."

कल्याणच्या डॉक्टरीणबाई पांढऱ्या पातळातल्या, चष्म्याच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. काकी टेबलावर चढेना. बाळंतपण नाही झालेलं, त्यामुळे परक्या बाईसमोर असं कधी निजायची वेळच आलेली नाही. शकूनं तिचा हात धरला आणि बाई एकेक गोष्ट करायच्या आधी सांगत गेल्या. आता हात लावते, आता थोडं दडपल्यासारखं वाटेल, आता झालं. काकी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. चौथ्या श्लोकाला तपासणी संपलीसुद्धा. "एवढंच?" ती म्हणाली. "ह्याला मी सहा महिने भ्याले?"

मग आठ दिवसांनी भूल देऊन पिशवीचा आतला भाग खरवडला आणि तो तुकडा मुंबईला तपासायला धाडला. परशुरामकाका दोन्ही वेळा बाहेर पायरीवर छत्री मांडीवर घेऊन बसून राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. पंधरा दिवस आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला. मग निकाल आला. कॅन्सरच होता.

बाईंनी लपवलं नाही. त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं, नासपतीसारखं, आणि आत पेन्सिलीनं एक छोटा ठिपका दिला. "इथे आहे. अजून पिशवीच्या बाहेर गेलेला नाही. म्हणून सगळी पिशवीच काढून टाकायची. तुम्ही वेळेवर आलात. वर्षभरानं आला असतात, तर मी हे चित्र काढत बसले नसते."

काकीनं त्या चित्राकडे बघितलं. म्हणाली, "काढा. तसाही तिचा मला उपयोग काय झाला." असं म्हणून ती हसायला गेली आणि मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. वीस वर्षांचं सगळं तेव्हा बाहेर आलं असावं. परशुरामकाका एवढ्या वेळात पहिल्यांदा आत आले. त्यांनी सगळ्यांच्या देखत तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. त्याआधी मी मोरीवर, सगळ्या जणी हंडे घेऊन उभ्या असताना, मिठाचं सांगून टाकलं. शकूची माफीही तिथेच मागितली. सुनेची माफी मागणारी सासू चाळीनं तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. कमळाबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, कानाला आराम पडला. पण काकीच्या प्रसादाबद्दल मात्र पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. शकू रोज काकीला पेज घेऊन जायची आणि घरी येऊन मला सांगायची, आज चार पावलं चालल्या, आज दारापर्यंत आल्या. मी ऐकायचे. पोर बोलायला लागली की गोड बोलते, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी वैशाख आला. कैऱ्या आल्या. चाळीत कुजबुज सुरू झाली की लोणच्याला हात कुणाचा? काकीला विचारायचं कसं, आणि न विचारायचं तरी कसं? शेवटी मीच गेले. बरण्या धुऊन, उन्हात वाळवून नेल्या आणि तिच्या पुढ्यात मांडल्या. म्हटलं, "घाला."

काकी थोडी वाळलेली, पण रंग परत आलेला. तिनं बरण्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घालते. पण माझी एक अट आहे. ज्यांना ह्या बरणीतलं हवं, त्या सगळ्यांनी आज इथे यायचं. तरण्या, म्हाताऱ्या, सगळ्या."

आलो. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. काकी मधे परातीपाशी बसलेली, बाजूला शकू. दार लावून घेतलं. मग काकीनं एकेकीला विचारायला सुरुवात केली, अगदी मोहरी किती घालू विचारावं तसं. तुझी पाळी किती दिवस चालते गं? महिन्यात दोनदा येते का? पांढरं जातं, त्याला वास येतो का? छातीत कुठे गाठ लागते का? आणि जिची गेलीय तिला, परत डाग दिसला का, एक तरी?

बायका लाजल्या, पदरात तोंड घालून हसल्या. पण समोर काकी होती. जी सगळ्यांसमोर आपलं सांगून मोकळी झाली, तिच्यापुढे लाजायचं तरी किती? हळूहळू बोलायला लागल्या. एकीला पोरगं झाल्यापासून दोन वर्षं अंग बाहेर येतं, कुणाला सांगितलं नव्हतं. एकीला दर महिन्याला इतकं जातं की भोवळ येते. शकू ऐकत होती आणि सांगत होती, ह्याला घाबरायचं नाही, हिनं मात्र दाखवायलाच हवं, गुरुवारी माझ्याबरोबर चला.

कमळाबाईची पाळी आली. ती गप्प. कमळाबाई गप्प!

"काय गं?" काकीनं विचारलं.

"काही नाही. संडासला कधीकधी रक्त पडतं. मूळव्याध आहे आपली."

"कुणी बघितलीय?"

"बघायचं काय त्यात?"

"मूळव्याध तर मीही म्हणत होते, कमळे," काकी म्हणाली. "ह्या गोदूनं सुरण खाऊ घालून माझा घसा सोलून काढला. गुरुवारी तूही जा."

कमळाबाईनं मान डोलावली. पुढे तिची खरोखरच साधी मूळव्याध निघाली, पण बघितल्यावर निघाली. मग ती चाळभर सांगत सुटली, की कल्याणला नेणारी सून आमच्या चाळीत आहे.

सगळ्यात शेवटी काकी माझ्याकडे वळली.

"माझं सगळं ठीक आहे," मी आधीच म्हटलं.

"तुला ते विचारत नाही. मीठ भाजलंस?"

अशा हसल्या सगळ्या, की बाजूच्या खोलीतली पोरं धावत आली. मी परात पुढे केली. तडतडेपर्यंत भाजलेलं, कोरडं ठणठणीत मीठ. काकीनं मूठभर उचललं, बोटांतून सोडून पाहिलं. मग बाकीच्यांचं हसणं चालू असताना ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी असं भाजलं असतंस ना गोदू, तर लोणचं चांगलं झालं असतं. मी कुणाला काही सांगितलं नसतं. आणि आज माझ्या जागी ही परात कुणीतरी दुसरीनं घेतली असती."

वर्षभर माझ्या छातीवर धोंडा होता, तो त्या बाईनं असा उचलून बाजूला ठेवला. मला बोलायचं होतं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

काकीनं पटकन परात आपल्याकडे ओढली.

"तोंड तिकडे कर आधी," ती म्हणाली. "मिठात पाणी पडेल."